गटार नव्हे, ओढा

वागळे इस्टेटमागच्या ओढ्याला पालिकेच्या नकाशात 'गटार' असं मीच लिहिलं होतं, सर्व्हेअर असताना, मागचा डोंगर न चढता, रस्त्यावरूनच बघून. निवृत्तीनंतर कळलं की त्या नोंदीच्या आधारे ओढा सिमेंटच्या स्लॅबखाली झाकला जाणार आहे. ऐन वैशाखात पत्नीला घेऊन उगम शोधायला वर चढलो.

"अहो, गटाराचं माहेर शोधताय?" ती हसली.

काठ संपले तिथे कातळाच्या फटीतून पाणी झिरपत होतं. दगड उचलला तर खाली खेकडा!

"अगं, उन्हाळ्यातही वाहतोय. हा बारमाही ओढा आहे."

"मग मला काय सांगताय? ऑफिसात सांगा."

सांगितलं, माझी चूक कबूल करून. साहेबांना वर नेऊन पाणी दाखवलं. स्लॅब रद्द झाला. आता नकाशात तो ओढा आहे, थेट डोंगरातल्या उगमापासून. आणि तो उगम मी शोधलेला आहे.