आंबटकाकू आणि न उघडलेलं दार

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आंबटकाकू म्हणत. अकरा वर्षं कंत्राटावर, हवी तेवढी आम्लता आणून द्रावणं करायची, एवढंच काम. मग काय गोडकाकू म्हणणार?

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं सगळं आयुष्य फ्लूच्या विषाणूच्या एका दारावर चाललेलं. विषाणूच्या आवरणात चार सारख्या प्रथिनांच्या साखळ्या उभ्या असतात, मधे बारीक वाट. पेशी विषाणूला पिशवीत गिळते, पिशवी आंबट होते, की वाट उघडते. आंबटपणाचे कण, म्हणजे प्रोटॉन, आत घुसतात, विषाणूची बांधणी सैल पडते आणि आतला ऐवज पेशीत मोकळा. सरांनी ही वाट बुजवणारं औषध शोधलं होतं. औषध घातलं की एकही प्रोटॉन आत जात नव्हता. सर हवेत!

"काकू, शोधनिबंध छापून आला की तुम्ही कायम," सर म्हणाले. ऑर्डर टाइप करून टेबलावर तयारच होती. काकूंनी घरी सांगूनही टाकलं. घाई नडते ती अशी.

मंगळवारी आम्लता मोजायच्या यंत्राची नवी कांडी आली. काकूंनी सहज जुनं द्रावण तपासलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. जुनी कांडी साडेपाच दाखवायची, द्रावण होतं सातच्या वर, आणि आकडा जितका कमी तितकं आंबट. आंबट नव्हतंच! यंत्र रोज तपासायचं, तेच काकूंनी महिनाभर टाळलेलं. औषध न घालताही एकदा करून बघू, असं त्या पहिल्या प्रयोगाच्या वेळी म्हणाल्या होत्या, तर सर म्हणाले होते, "वेळ कशाला घालवायचा?" आता काकूंनी त्या जुन्या द्रावणात तेच केलं. औषध नाही, तरी वाट बंद.

सरांनी ऐकलं, दार लावलं. "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू." ऑर्डर पुढे सरकवली. पेनसुद्धा दिलं, केवढी ही माया!

काकूंचा हात खरंच पुढे गेला. मग त्या म्हणाल्या, "उद्या तुमच्या नातवाला ताप आला, तर हेच औषध द्याल?"

सरांनी ऑर्डर उचलून खणात टाकली.

गुरुवारी खऱ्या आंबट द्रावणात प्रयोग झाला. औषध होतं, तरी प्रोटॉन खुशाल आत गेले.

"तुमच्यामुळे घात झाला," सर म्हणाले.

"हो, माझ्यामुळेच. चूकही माझी आणि सांगणंही माझंच," काकू म्हणाल्या. मग मोरीपाशी जाऊन नळ मोठा सोडला आणि चंचुपात्रं घासता घासता मनसोक्त रडल्या. कायम व्हायचं होतं हो त्यांना.