खाली बघणारा मुखवटा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. पण पदवी मिळाल्यावर दीड वर्ष कुंभारगल्लीतल्या आमच्या सोप्यात नुसता बसून होतो, हेही सांगायला हवं. शिरोलीच्या फौंड्र्यांत अर्ज टाकून झाले होते, साखर कारखान्यांत टाकून झाले होते. पोस्टमन दिसला की मी उठून उभा राहायचो आणि तो पुढं गेला की उगाच माठातलं पाणी प्यायचो. माझे वडील, आबा, त्याच सोप्यात गणपतीच्या मूर्ती करायचे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त माती तुडवायला सांगायचं बंद केलं. ते जास्त लागायचं. स्वतःच्या घरात मी पाहुणा झालो होतो.

अशात एका सकाळी स्टुडिओचा मॅनेजर आला. त्याच्या सिनेमात एक उडणारा वीर होता. डोकं, चेहरा, मान सगळं झाकणारा निळा रबरी मुखवटा घालून तो गुंडांना लोळवायचा. उड्या मात्र हिरो मारणार नव्हता, त्याच्या जागी तालमीतला एक पैलवान मारणार होता. मुखवटा आठ दिवसांत हवा होता. मॅनेजरनं मुंबईहून रबराच्या दुधाचा, म्हणजे लॅटेक्सचा, डबा आणला होता, पण त्याचं करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुमचा मुलगा केमिस्ट्री शिकलाय म्हणे," तो आबांना म्हणाला.

दीड वर्षात माझ्या पदवीचं नाव काढणारा तो पहिला माणूस. मी लगेच हो म्हणालो. माझं शिक्षण या सोप्यात उपयोगी पडतं, एवढं एकदा आबांना दाखवायचं होतं. बाकी सिनेमा चालो न चालो.

मॅनेजरनं मुखवट्याचं चित्र आणलं होतं, तो कागद आबांनी उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो कोण? राक्षस का द्येव?"

"दोन्ही न्हाई. माणूसच हाय. पण उडतोय."

"उडतोय आन् वाईटाला मारतोय. मग द्येवच की."

मी वाद घातला नाही. तिथंच घालायला हवा होता.

पैलवान येऊन गेला. आबांनी सुतळीनं त्याच्या डोक्याची, मानेची, मोडलेल्या कानांची मापं घेतली, एक मडकं पालथं घातलं आणि त्यावर शाडूचा चेहरा चढवला. रबर वाळताना आक्रसतं म्हणून चेहरा थोडा मोठा ठेवा, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "माती बी आक्रसती. हे कॉलेजात शिकिवत्यात व्हय?" मग आम्ही त्या चेहऱ्यावरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा काढला. आबा सवयीनं त्याला आतून तेल लावायला बसले. मी त्यांचा हात धरला.

"तेल न्हाई लावायचं. तेलानं रबर कुजतंय. आन् साच्यानं पाणी पिलं न्हाई तर रबराची साय धरत न्हाई."

"चाळीस वर्षं साच्याला तेल लावतोय मी."

"गणपतीच्या."

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. त्या घरात मी जिंकलेला तो पहिला वाद.

दूध साच्यात ओतलं. त्यातल्या अमोनियाच्या वासानं शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली, की घरात काही मेलंय का. थोड्या वेळानं उरलेलं दूध परत ओतून घेतलं, की आत पातळ साय राहायची. ती वाळली की पुन्हा ओतायचं. वाळायला वेळ लागायचा आणि मला तर दम निघत नव्हता. दर दहा मिनिटांनी जाऊन मी बोट लावायचो. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो, तसाच माघारी यायचो.

"भाकरी हाय का ती, सारखी उलथून बघायला?" आबा म्हणायचे.

सातव्या दिवशी मुखवटा साच्यातून सोलून काढला. एक बुडबुडा नाही, कुठं चीर नाही. मी रंग दिला. राहिले डोळे.

आमच्यात डोळे सगळ्यात शेवटी करतात आणि ते घरातल्या थोरल्यानंच करायचे असतात. झाले की तोंडावर फडकं टाकायचं. ते फडकं गिऱ्हाईकानंच काढायचं. आबांनी मुखवट्याचे डोळे स्वतः आखले, सुरीनं कापले आणि फडकं टाकलं.

"एकदा डोस्क्यात घालून बघतो," मी म्हणालो.

"गिऱ्हाईकाच्या आदी? उष्टं करतोस व्हय?"

ट्रायलशिवाय प्रयोग पुरा होत नाही, हे मला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं. पण तेलाच्या वादात मी त्यांना हरवलं होतं, दुसऱ्यांदा हरवायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी मुखवटा घेऊन गेलो, तेव्हा स्टुडिओच्या मागल्या पटांगणात उंच लाकडी माळा उभा केला होता आणि खाली गवताच्या पेंढ्या टाकल्या होत्या. माळ्यावरून पळत येऊन उडी घ्यायची होती. पैलवानानं मुखवटा चढवला. मानेला असा चपखल बसला, की मी आबांकडं बघितलं. तेवढ्यात पैलवान चार पावलं चालला आणि दिव्याच्या स्टँडवर आदळला.

"पावणं, मला निस्तं माझं पाय दिसत्यात," तो आतून म्हणाला.

मी जवळ गेलो. वरच्या पापण्या जड, अर्ध्या मिटलेल्या. नजर खाली. आमच्या सोप्यातल्या प्रत्येक मूर्तीची असते तशी.

"हा गुंडांना मारणार का आशीर्वाद देणार?" मॅनेजर म्हणाला.

"द्येव खालीच बघतोय," आबा शांतपणे म्हणाले. "भक्त खाली बसल्याला असतोय."

"खालीच तर पडायचं हाय, मारतो की उडी," पैलवान म्हणाला. सगळे हसले. मी हसलो नाही. माळा कुठं संपतो हे त्याला दिसणार नव्हतं.

"पापण्या कापा, आबा."

"एकदा उघडलेला डोळा परत कापत न्हाईत. मी न्हाई कापणार."

मॅनेजर घड्याळ बघू लागला. उन्हं उतरायला लागली होती. मी मेकअपवाल्याची कात्री मागून घेतली. मूर्तीच्या डोळ्याला मी जन्मात हात लावला नव्हता. डावा नीट कापला. उजव्याला कात्री घसरली आणि रबर भुवईपर्यंत फाटलं. बाटलीत थोडं दूध नेलं होतं. कापडाची पट्टी आतून लावून त्यावर दूध फासलं आणि दिव्यासमोर धरून वाळवलं. माझ्या घामाचे थेंब मुखवट्यावर पडत होते. आबा पाठमोरे उभे होते.

"डाक्टर, आत माझं डोळं हायत एवढं ध्यानात ठेवा," पैलवान म्हणाला, कारण शेवटची कात्री मी मुखवटा त्याच्या डोक्यावर असतानाच चालवली.

मग तो माळ्यावर चढला, पळाला आणि उडाला. पेंढ्यांच्या बरोबर मधोमध पडला. मॅनेजरनं परत उडी मारायला लावली, तर तीही नीट पडली.

घरी येताना आबा पुढं चालत होते. गल्लीत वळताना म्हणाले, "उजवा डोळा थोरला झालाय."

"व्हय."

"तेल लावलं नव्हतं ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माती तुडवायला सांगितलं.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर, साखर कारखान्याचं नेमणुकीचं पत्र येण्याआधी, त्यांनी एक छोटी मूर्ती माझ्यापुढं ठेवली आणि कुंचला दिला. मी डोळे आखले. आबांनी मूर्ती हातात फिरवून बघितली.

"ह्यो कुणाकडं बघतोय? भिंतीकडं?"

त्यांनी ओल्या फडक्यानं डोळे पुसले आणि मूर्ती परत माझ्यापुढं ठेवली. तीनदा पुसले. चौथ्यांदा मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलं.