टिचकीबाईची चकती

चहाचा कप हातात दिला की ती आधी त्याला नखाने टिचकी मारायची आणि कान लावायची. खणखणीत वाजला तर पिणार, बद्द वाजला तर म्हणणार, "काका, याले तडा आहे. दुसरा द्या." कप झाला, कुंडी झाली, देव्हाऱ्यातला बाळकृष्णसुद्धा सुटला नाही. कारखान्यात मी जन्मभर क्रेन चालवली, नाना तऱ्हेचे साहेब पाहिले, पण असला नमुना पाहिला नव्हता. मी तिचं नाव टिचकीबाई ठेवलं. माझी बायको मात्र तिला 'बाळ' म्हणायची.

पोरगी अमरावतीची. इथे भोपाळला पीएच.डी. करायला आली. आनंद नगरातल्या आमच्या घराची वरची खोली तिने भाड्याने घेतली आणि महिन्याभरात खालच्या स्वयंपाकघराचीही मालकीण झाली. एकदा पिपलानीच्या बाजारात टरबूज घ्यायला आम्हा दोघांबरोबर आली. ढिगातलं एकेक उचलून टकटक, टकटक. शेवटी टरबूजवाला वैतागला. "मैडम, तरबूज है, दरवाजा थोड़ी है. अंदर से कोई नहीं बोलेगा!" बायको इतकी हसली की तिला दुकानाच्या पायरीवर बसवावं लागलं.

ती करते काय, हे मी सातवी नापास माणूस काय सांगणार? जेवढं डोक्यात शिरलं तेवढं सांगतो. मोबाइलच्या बॅटरीत एक पातळ द्रव असतो, तो पेट घेतो. त्याच्या जागी हिला चिनीमातीसारखी घट्ट चकती बसवायची होती. त्या चकतीतून लिथियम झरझर इकडून तिकडे गेलं पाहिजे. चकती पोकळ भाजली गेली तर ते वाटेत अडतं. बारीक तडा एखादवेळी चालतो, आरपार गेला की खेळ खलास.

"म्हणजे दगडातून वाट काढायची," बायको म्हणाली. "त्यात काय एवढं? मी लग्न झाल्यापासून तेच करतेय."

दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मी पेपर वर धरला.

पूड घोटायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, असं तिचं चालायचं. खरी गोम भट्टीत होती. एवढ्या आचेला लिथियम चकतीतून उडून जातं. म्हणून चकतीला त्याच पुडीत पुरून भाजायचं. "आजूबाजूला तिचंच असलं ना काका, की तिच्यातलं उडत नाही." ही पूड करायलाच तिचे दिवसच्या दिवस जायचे. मी म्हणायचो, "चकतीपेक्षा तुझी गोधडीच महाग." भट्टी हळूहळू निवेपर्यंत बाई जेवायची नाही, आणि ती जेवत नाही म्हणून माझी बायको मला वाढायची नाही.

मागच्या वर्षी बायको गेली. सकाळी पोहे केले, दुपारी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी सगळं आटोपलं. तेराव्यानंतर मुलगा आणि सून तिच्या वस्तू आवरायला लागले. साड्या, चष्मा, कुंकवाची डबी, सगळ्याची गाठोडी. "डोळ्यांपुढे असलं की बाबांना त्रास होतो," सून म्हणाली. मला पुण्याला न्यायचं ठरलं होतं. मी पोत्यासारखा बसून होतो. न्या कुठे न्यायचं ते.

तेवढ्यात टिचकीबाई आली. "ताई, हे काय करून राहिल्या?" म्हणत तिने सरळ एक गाठोडं सोडायलाच घेतलं.

मुलगा तडकला. "अहो, तुम्ही भाडेकरू आहात."

"हो, भाडेकरूच आहे. पण सगळं एकदम काढलं तर काका उडून जातील."

हिला वेड लागलंय की काय, असं दोघं तिच्याकडे बघत राहिले. त्या घरात तिचं बोलणं एकट्या मला कळलं. कितीतरी दिवसांनी मी तोंड उघडलं. "सोडा ती गाठोडी. मी इथेच राहणार."

चष्मा पुन्हा फ्रिजवर गेला, साडी दांडीवर. मी जेवायला लागलो.

मुलगा-सून पुण्याला परतले. आता माझ्या आजूबाजूला उरली ती एकटी. आणि चकती जमली की तीही जाणार. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "आज?"

"तडकली."

"छान झालं. जेवायला बस."

"काका, तुम्ही खूश काहून होता?"

"तू इथेच पडून राहशील म्हणून. खोटं कशाला बोलू?"

मग एका संध्याकाळी ती गेटपासूनच ओरडत आली. हातात घट्ट झाकणाची बाटली, आत कोटाच्या बटणाएवढी चकती. म्हटलं, "वाजवून दाखव." तर म्हणे, उघडली की हवेतली ओल लागते. "लॅबमध्येच वाजवून आली काका. मोजूनही आली. लिथियम धावून राहिलं!"

"धावू दे. आता तूही धाव," म्हणालो आणि आत जाऊन शिरा करायला घेतला. करपला. तिने बशी पुसून खाल्ला. "काकूंच्या हातासारखा झाला."

"तिने कधी करपवला होता?"

"नाही," म्हणाली आणि रडायला लागली.

बंगळुरूला नोकरी लागली. जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. पाया पडली, उठली आणि माझ्या कपाळावर टिचकी मारून कान लावला. रिक्षावाला बघतच राहिला.

"काय म्हणतंय?"

"तडा आहे, काका." पिशवी उचलली. "पण आरपार नाही. चालते अशी चकती."

दुसऱ्याच दिवशी शेजारचे शर्माजी आले. "चाचा, ऊपर का कमरा खाली हो गया ना? मेरा भांजा आ रहा है."

"दे दूँगा. पहले सामान तो उठने दो."

सामान म्हणजे तुटकी चप्पल आणि तिचा कप. चप्पल आहे तिथेच ठेवली. कप खाली आणला आणि फ्रिजवर, बायकोच्या चष्म्याशेजारी ठेवला. सकाळी चहा त्यातच घेतो. आधी टिचकी मारतो.

अजून वाजतो.