कानशीला लावलेली धार

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझा थोरला भाऊ अकोल्याच्या एका कारखान्यात टर्नर होता, लेथवर धातू कातायचा. त्याला लकवा मारला, उजवा हात बधिर होऊन लोंबकळला, तेव्हा आम्ही त्याला वाशीमला घरी आणलं. मग तो दिवसभर खाटेवर पडून राही. कुणाशी धड बोलणं नाही. माझा जीव तुटायचा आणि, खरं सांगतो, रागही यायचा.

शेवटी मला शहाणपण सुचलं. मी कचेरीतला कारकून, लेथशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरी भंगारातून पायाने चालवायचा एक छोटा लेथ आणला आणि ओसरीत मांडला. म्हटलं, छंद म्हणून पितळी मुठी कातीन, चुका करीन, त्या पाहून तरी हा उठेल. चुका करायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. बाजारातून आणलेलं चकचकीत हत्यार पितळेत रुतायचं आणि ओसरीभर कर्कश आवाज व्हायचा.

एका सकाळी तो खाटेवरूनच बोलला, "काहून छळून राह्यला त्या पितळेले? ते लोखंडाचं हत्यार हाय, वरून उतार देल्लं. पितळेले सपाट लागते. जुनी कानस हाय का घरात? तिचंच हत्यार करू."

कानस होती. दादा उठून बसला. वहिनी स्वयंपाक सोडून दारात आली. मी लेथबरोबर आणलेलं धार लावायचं कुरुंदाचं चाक फिरवायला लागलो आणि तो डाव्या हाताने कानशीचं टोक त्यावर धरू लागला. "हळू फिरव. तापून निळी पडली का नरम होते," म्हणत मधूनमधून ती पाण्यात बुडवायचा. घरात पुन्हा त्याचा हुकूम चालत होता. मला वाटलं, जिंकलो.

टर्नर लोक धार नखावर पाहतात. हत्यार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर धार. दादाने जन्माच्या सवयीने डाव्या हातातलं हत्यार मांडीवर पडलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर टेकवलं. नजर माझ्याकडे, सगळं लक्ष बोटात. कपाळाला आठी पडली. त्याने जरा दाबलं, मग आणखी दाबलं. हत्यार नखावरून मांसात उतरलं, लेंग्यावर रक्त आलं, तरी तो माझ्याकडेच पाहत होता.

"लागली का रे धार?" त्याने विचारलं.

माझा चेहरा पाहून त्याने खाली पाहिलं. हत्यार बाजूला ठेवलं. वहिनी रडत रडत चिंधी बांधायला लागली.

"कायले रडतं तू?" तो तिला म्हणाला. "मले दुखून नाही राह्यलं."