टिनाखालचे आठ दिवस

तेल्हाऱ्यात दुर्गाबाईच्या घरून कुणी चहा न पिता परत गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मीटरचं रीडिंग घेणारा माणूससुद्धा तिचं घर सगळ्यात शेवटी ठेवतो, म्हणजे निवांत टेकता येतं. वीस वर्षं तिनं जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचला, नाकातोंडात रुई गेली, पण घरी आल्यावर आधी अंगण झाडणार आणि मगच घोटभर पाणी पिणार. तोंड मात्र असं फटकळ की विचारू नका. मायेनं 'जेवला का' विचारलं तरी समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

तिचा नवरा मोतीराम दालमिलमध्ये हमाल होता. तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि गडी खाटेला खिळला. बोलतो, पण अर्धे शब्द तोंडातच राहतात. ते कळतात एकट्या दुर्गाबाईला. पोरगी नीलम धामणगाव रेल्वे या गावी दिलेली. ती दर उन्हाळ्यात फोन करते, बाबांना इकडे घेऊन ये. मोतीरामचं उत्तर ठरलेलं, "पोरीच्या घरी मी घाण करू?" विषय संपला.

आता घराचं सांगतो. चार भिंती विटांच्या आणि वर टिन. तेल्हाऱ्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला टिन म्हणजे काय ते समजायचं नाही. सकाळी दहाला ते वाजायला लागतं, आणि बाराच्या ठोक्याला आतला माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा भाजून निघतो. हातपाय धड असलेला माणूस उठून कडुनिंबाखाली जाऊन बसतो. मोतीरामनं कुठं जावं? अंगाला लघवीची नळी, शेजारी पिशवी. चार लोकांपुढे अशा अवस्थेत पडून राहायची त्याला मरणाची लाज. मागच्या मे महिन्यात तो दोनदा बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी दुर्गाबाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "या खोलीत अजून एक असा उन्हाळा यांना झेपायचा नाही."

तेव्हापासून बाईच्या डोक्यात एकच भुंगा. या माणसाला थंड छत पाहिजे.

हातातलं सगळं ती करतच होती. तूर निघाली की भावाच्या वावरातून तुराटी आणायची, टिनावर तिचा जाड थर द्यायचा आणि दोरीनं आवळून टाकायचा. त्यानं जरा बरं वाटायचं. एक जुना कूलरही होता, पण कूलरला पाणी लागतं आणि वस्तीत नळ येतो आठ दिवसांनी. शिवाय तो लावला की बिल पाहून डोळे पांढरे व्हायचे. त्यामुळे कूलर वर्षभर खाटेखाली डबे ठेवायच्या कामी.

अशात मार्च महिन्यात बातमी आली. अमरावतीची एक संस्था टिनाच्या घरांना मदत करणार. टिनावर ऊन परतवणारा पांढरा रंग, टिनाखाली जाड बोर्डाचं छत, त्यामुळे घर थंड आणि विजेचं बिलही कमी. खर्च बहुतेक संस्थेचा, घरच्यांनी फक्त मजुरी करायची. मात्र घरं घेणार साठच. कोणती ते पाहणी करून ठरणार होतं.

पाहणीला येणार म्हटल्यावर दुर्गाबाईनं काय करावं? बाप्पा, सोयरीक जुळवायला पाहुणे येणार असावेत तशी बाई कामाला लागली! पहाटे उठून घर सारवलं. जपून ठेवलेल्या दोन ड्रमांचं पाणी बादली-बादलीनं तुराटीवर ओतलं. दाराला ओलं तरट टांगलं. खाटेखालचा कूलर काढून धुतला, त्यात शेजारच्या मैनाबाईकडून मागून आणलेला वाळा भरला आणि सकाळपासून चालू ठेवला. अमरावतीहून लोक उन्हातान्हात येतील, त्यांना आपल्या घरात घाम फुटला तर काय इज्जत राहिली?

पाहणीला आकांक्षा नावाची पोरगी आली, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लालबुंद. आत पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडून निघालं, "अहाहा, किती गार वाटतंय तुमच्या घरात!"

दुर्गाबाईला धन्य वाटलं. तिनं पोरीला गूळपाणी दिलं, पन्हं दिलं, वरून चहा पाजला. पोरीनं भिंतीला यंत्र लावलं, आकडा लिहिला आणि मोतीरामला नमस्कार करून पुढच्या घरी गेली. पुढचं घर खुशालरावचं. त्यानं पोरीला पाण्याचंसुद्धा पुसलं नाही, खिडकी उघडली नाही, दोन शेळ्याही घरातच बांधलेल्या.

एप्रिलच्या शेवटी यादी लागली. खुशालरावचं नाव पहिलं. दुर्गाबाईचं नाव खालून वर पाहा, वरून खाली पाहा, कुठंच नाही.

आकांक्षाला फोन लावला तेव्हा कुठं उलगडा झाला. जे घर जास्त तापतं त्याला आधी मदत, असा नियम होता. दुर्गाबाईच्या घराचा आकडा सगळ्या वस्तीत कमी.

"अवं पोरी, ते तू येणार म्हणून थंड केलं होतं!" दुर्गाबाई फोनवरच ओरडली. "पाहुण्याले का भट्टीत बसवतेत?"

पलीकडून पोरगी म्हणाली, "मावशी, हे तर माझ्या ध्यानातच आलं नाही."

पोरगी मनानं चांगली. तिनं वर भांडून एक घर राखून घेतलं आणि मेच्या चार तारखेला स्वतः आली. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी भिंतीला लावली. तिच्यात आठ दिवस रात्रंदिवस खोलीची उष्णता नोंदवली जाणार होती. "पण मावशी, अटी आहेत. टिनावर काही टाकलेलं चालत नाही. पाणी मारायचं नाही, कूलर नाही. आठही दिवस घर जसं तापतं तसं तापू द्यायचं. आकडा मध्येच पडला तर वरचे लोक म्हणतील, काहीतरी केलं."

"अन् हे माणूस?" दुर्गाबाईनं खाटेकडे बोट केलं.

"आठ दिवस यांना दुसरीकडे ठेवता येईल का?"

मैनाबाईचं घर स्लॅबचं होतं. ती तर लगेच म्हणाली, "दुर्गाबाई वो, आना ना माह्या घरी, एक खोली खालीच आहे." दुर्गाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मोतीरामनं मान भिंतीकडे फिरवली. तिनं समजावलं, चिडली, शेवटी हात जोडले. तो एकच शब्द बोलला, "नाई." मग डाव्या हातानं वर टिनाकडे खूण केली आणि अडखळत म्हणाला, "काढ. तुराटी काढ. आठ दिस तं... सोसतो."

आता बोला. थंड छत पाहिजे तर आधी याच माणसाला भाजायचं! तुराटी ठेवली तर छत मिळत नाही, काढली तर छत येईपर्यंत हा राहतो की नाही कुणास ठाऊक. दुर्गाबाईनं त्या डबीला अशा शिव्या दिल्या की आकांक्षा बिचारी चप्पल शोधायला लागली. पण संध्याकाळी तीच बाई शिडी लावून टिनावर चढली आणि दोऱ्या सोडून एकेक पेंढी खाली टाकली.

पहिले दोन दिवस निभले. ती ओलं फडकं घेऊन त्याचं अंग पुसत बसायची, तासातासाला मीठ-साखरेचं पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी भिंतीसुद्धा तापून बसल्या, रात्रीही निवेनात. ती दारात बसायची, आत यायची, पुन्हा दारात. लोक म्हणायचे, बाहेर सावलीत बस उलशीक. कशी बसणार? आत तो आणि बाहेर ती, असं तिला क्षणभरही जमलं नाही. दोघं त्या खोलीत कोंडल्यासारखे झाले होते, आणि भिंतीवर ती डबी आपली हिरवा दिवा मिचकावत होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "टाकू का तुराटी परत?" तो म्हणाला, "राहू दे."

पाचव्या दिवशी अकरालाच लाइट गेली आणि पंखा थांबला. ड्रममध्ये तळाला तांब्याभर पाणी. नळ यायला अजून दोन दिवस. एक वाजला तेव्हा तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, तरी तिला ओळखेना.

"अवो! अवो, पाहा ना माह्याकडं!"

तिनं मैनाबाईला हाक मारली, डॉक्टरांना आणायला पिटाळलं, ड्रममधलं तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. त्याला उचलून न्यायला त्या वेळी गल्लीत एक गडी नव्हता, म्हणून ती स्वतः शिडी चढली. साठीला टेकलेली बाई, भर दुपारच्या उन्हात, तापलेल्या टिनावर गुडघे भाजून घेत तुराटीच्या पेंढ्या वर ओढत होती. सगळं छत झाकेपर्यंत ती खाली उतरली नाही. मैनाबाईच्या घरून चार बादल्या पाणी आलं, तेही तिनं तुराटीवर ओतलं. डबीचं तिच्या डोक्यातही नव्हतं. असतं तरी तिनं ती उचलून नालीत फेकली असती.

डॉक्टरांनी सलाइन लावली. संध्याकाळी मोतीरामला घाम आला, आणि तो घाम पाहून दुर्गाबाई ढसाढसा रडली.

बारा तारखेला आकांक्षा आली. डबीतले आकडे मोबाइलवर पाहताना तिचा चेहरा उतरला. चार दिवस खोली बेचाळीस-त्रेचाळीसवर, आणि पाचव्या दिवशी दुपारी आकडा एकदम घसरलेला. "मावशी, मी सगळं लिहून देते, डॉक्टरांची चिठ्ठीही जोडते. पण यंदाची घरं आज पक्की होताहेत. आता पुढच्याच वर्षी."

दुर्गाबाई तिच्यावर ओरडली नाही. चहा ठेवला, पोरीला पाजला, दारापर्यंत सोडायला गेली.

परत येऊन रिकामा कप उचलला, तर मोतीराम तिच्याकडेच पाहत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो चिडलेलाही होता.

"तू काहून चढली?"

"काहून म्हणजे? मरत होते तुमी!"

"मी म्हटलं होतं ना... राहू दे." एकेक शब्द काढायला त्याला फार वेळ लागत होता. ती खाटेशी वाकली. "मी किती दिसाचा? ते छत... माह्यासाठी नोतं. तुह्यासाठी होतं. मी गेल्यावर... तू एकटी... या टिनाखाली..."

पुढचं त्याला बोलता येईना. चार दिवस हा माणूस कशासाठी भाजून घेत होता ते दुर्गाबाईला आत्ता कळलं, आणि तिचा असा संताप झाला की हातातला कप तिनं आपटून ठेवला.

"अन् मी तठी थंड घरात एकटी बसून काय करू? सांगा ना! काय करू मी त्या थंड घराले?"

ती भांडत राहिली. तीन वर्षांत आजारी माणसाशी भांडू नये म्हणून गिळलेलं सगळं तिनं त्या दिवशी बाहेर काढलं, रडत रडत, इतकं की मैनाबाई घाबरून दाराशी आली आणि तशीच मागं फिरली. मोतीराम डाव्या हातानं तिचा पदर धरून होता. डोक्यावर टिन वाजायला लागलं होतं, आणि मे महिना अजून अर्ध्याच्या वर बाकी होता.