गळीचं संत्रं आणि काळी कॉफी

पांढुर्ण्याच्या एका गाडीमालकाने मला फसवलं. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरला त्याने झोप न झालेला ड्रायव्हर म्हणून माझ्या गळ्यात मारलं.

शनिवारी सकाळी बायकोला घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला निघायचं होतं. माझी गाडी दुरुस्तीला, म्हणून त्याची ठरवली. गेलो तर टपरीवर ड्रायव्हर बसलेला, डोळे लाल. मालक त्याच्या काळ्या कॉफीत बागेतून आणलेलं गळीचं, म्हणजे पिकण्याआधीच झाडाखाली गळून पडलेलं हिरवं, आंबट संत्रं पिळत होता.

"काहून रे, हा असा काहून दिसून राहिला?"

"झोप नाई झाली त्याची, भाऊ. लेकीच्या सासरचे आले होते, जागरण झालं. कॉफी पाजून राहिलो न!"

झोपेवर कॉफी, हे मला पटलं. टेम्पो चालवायचो तेव्हा मीही कडक चहावर नागपूर गाठलं आहे. चहाने छाती धडधडते, बोटं थरथरतात, पण पाय वेळेवर ब्रेकवर जातो. फारच डोळे मिटायला लागले की गाडी लिंबाखाली लावून अर्धा तास झोपायचो.

तरी मी संत्र्यांचा व्यापारी, माल पारखणारा माणूस. ड्रायव्हरच्या जवळ जाऊन दारूचा वास येतो का पाहिलं. पण तो संत्र्याची साल चघळत होता, वास फक्त सालीचा.

"रस्ता माहीत आहे का?"

"रस्ताच मले ओळखते, भाऊ. तुमी बसा."

उत्तर ताडकन आलं. एवढ्या हजरजबाबी माणसाची झोप उडाली, असं मी समजलो. सौदा करताना समोरच्याची जीभ अडखळली की मी ओळखतो. त्याची अडखळली नाही.

जामसांवलीच्या अलीकडे एका वळणावर दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल समोर आली. ड्रायव्हर झोपेत नव्हता. डोळे टक्क उघडे होते, त्याने मोटारसायकल माझ्याआधी पाहिली, शिवीही घातली. शिवी वेळेवर आली, ब्रेक आला नाही. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. दूधवाला वाचला. बायकोचा उजवा हात कोपरापासून मोडला.

सौसरच्या दवाखान्यात ड्रायव्हर कपाळाला पट्टी बांधून रडत होता. "रात्रीची उतरली नव्हती, सकाळी अजून घेतली. मालकाले माहीत होतं. तेच म्हणाले, कॉफी पी, साल चाव, काई समजत नाई."

त्या कॉफीने दारू उतरवली नाही. तिने फक्त झिंगलेल्या माणसाला जागं ठेवलं, आणि जागा आहे म्हणजे शुद्धीत आहे, असं त्यालाही वाटलं, मलाही.

आमच्याकडे संत्र्यांची निवड बायको करायची. तिची बोटं फळावरून फिरली की आतून पोकळ कोणतं, ते तिला कळायचं. त्या हाताची मूठ आता मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, पाहू.

मालक गावभर सांगून राहिला, "डुलकी लागली असंन. मी तर कॉफी पाजली होती!"

पाजली होतीस. कशासाठी, तेवढं सांग. टपरीवर नाही, लोकांत नाही. माझ्या अंगणात ये, तिच्यासमोर उभा राहा आणि तिच्या हाताकडे पाहून सांग: त्या सकाळी तुला माहीत होतं की नव्हतं?