घरचा, पाहुणा अन् सुशीलची डबी

शेवटच्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात केशवभाऊजीनं दोन मशिनीईचा आवाज पारखला. एक मशीन त्याईच्या उशाशी टुक टुक करून राहिली होती, दुसरी पडद्यापल्याडच्या बुढ्याजवळ. भाऊजीनं डोळे मिटले, मान एका अंगाले केली, थोडा वेळ ऐकलं, अन् म्हणे, "त्या बुढ्याची मशीन आपल्यापेक्षा मोकळी वाजते का गा?"

सुशील म्हणे, "मले तं दोन्ही सारख्याच वाटतात."

"हं," भाऊजी म्हणे. "मले बी."

सुशील म्हणजे भाऊजीचा साळा, यमुताईचा लहान भाऊ. मिहानात एका कंपनीच्या गेटवर बसते, लोकाईच्या गाड्याचे नंबर लिहिते. सातवीत दोनदा नापास झाला, तिसऱ्या खेपेले शाळेनं विचारलंच नाई. हे टाइप बी तोच करून राहिला, एका बोटानं, म्हणून जितक्या चुका दिसतील तितक्या त्याच्याच समजा. त्या दिवशी तो सुट्टी टाकून आलता, काहून का त्याले भाऊजीले एक गोष्ट सांगायची होती. पाच वर्षापासून सांगायची होती. मिहान ते धंतोली गाडीवर येतायेता त्यानं ते वाक्य हेल्मेटच्या आत तीसेक खेपा म्हणून पाह्यलं. हेल्मेटच्या आत तं भल्लं जमत होतं.

गोष्ट काय, ते समजायले आधी भाऊजीचा रविवार समजला पाह्यजे.

सक्करदऱ्यात घराच्या समोरच्या खोलीत भाऊजीचं दुकान होतं. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे बंद पडलं ते दुरुस्त. सहा दिवस पोटासाठी, अन् रविवार कानासाठी. भाऊजीनं सोताच्या हातानं एक अँप्लिफायर बनवला होता, काळा, जड, दोन हिवाळे लागले त्याले. तो कपाटावर नाई, पाटावर ठेवत. देव खाली, अँप वर, असं यमुताई म्हणे. ज्याच्या घरी चांगला अँप हाये तो माणूस रविवारी आपला अँप घेऊन येई, अन् भाऊजीच्या अँपसंग लावून पाहे का कोणाचा आवाज खरा. वर्धेहून लोक येत, उमरेडहून येत, एक खेप एक जण सासऱ्याचा अँप सासऱ्याले न विचारता घेऊन आलता.

पद्धत पक्की होती. स्पीकर तेच, बासरीची सीडी तेच. आधी दोन्ही अँपच्या पाठीमागे मीटर लावून आवाज बरोबरीत करायचा, कारण जरा जोरात वाजला का तोच चांगला वाटते अन् माणूस फसते. एकदा बरोबरीत झाला का मंग कोणी बटणाले हात लावायचा नाई. मंग दोन्हीच्या तारा एका लाकडी डबीत जायच्या, डबीवर एक स्विच. इकडे फिरवला का भाऊजीचा अँप, तिकडे फिरवला का आणलेला. त्याईले नावं होती, घरचा अन् पाहुणा.

ते डबी सुशीलनं बनवली होती, बारा वर्षाआधी. आयुष्यात त्यानं पूर्ण केलेलं ते एकच काम. म्हणून स्विच फिरवायचा मान बी त्याचाच. स्टुलावर बसून तो कंडक्टरसारखा ओरडे, "घरचा..." खट. "पाहुणा..." खट. आवाज आधी सुशीलच्या तोंडातून निघे, मंग स्पीकरमधून.

भाऊजी डोळे मिटून ऐकत अन् मंग निकाल देत. घरचा कसा, गरम भातावर तूप सोडल्यावानी. पाहुणा नाकातून गाऊन राहिला. समोरचा माणूस पयले ऐकून घे, मंग त्याले बी ते नाक ऐकू येई. साऱ्याईत जोरात मान सुशील हलवे. अन् खरं सांगायचं तं सुशीलले एकाही रविवारी काडीचा फरक समजला नाई. त्याले वाटे आपले कान खराब हायेत. त्यानं बुधवारच्या बाजारात कान साफ करणाऱ्याकडून दोनदा कान कोरून घेतले. तो माणूस म्हणे, काही निघालं नाई भाऊ, आत साफच हाये. सुशीलले तेही जिव्हारी लागलं.

पाच वर्षाआधी डबी खरखर करायले लागली. भाऊजी म्हणे, तूच बनवली, तूच घरी नेऊन साफ कर. सुशीलनं घरी चार स्क्रू काढले अन् पाह्यलं. अन् बसला.

त्यानं स्विचच्या दोन्ही अंगाले घरच्याच अँपच्या तारा जोडल्या होत्या. पाहुण्याच्या तारा डबीत येत अन् तशाच मोकळ्या बसून राहत, लग्नात ज्याईले कोणी जेवाले उठवलं नाई तशा. म्हणजे इतकी वर्षं पाहुणा एक दिवस बी वाजला नव्हता. तूप सोडणारा बी भाऊजीचाच अँप, अन् नाकातून गाणारा बी तोच.

सुशीलले पयले आठवले नानाजी. उमरेड रोडवरचे, शेती करणारे, सत्तरीचे. त्याईच्या बापानं हौसेनं घेतलेला मोठा अँप ते चादरीत गुंडाळून घेऊन आलते, आदल्याच वर्षी. भाऊजीनं ऐकलं अन् म्हणे, नानाजी, आवाजात जीव नाई. त्याच दिवशी तो अँप नानाजीनं भाच्याले देऊन टाकला, अन् भाचा तो पुण्याले घेऊन गेला. जाताना नानाजी डबीकडे पाहून सुशीलले म्हणे, चांगली बनवली बापा डबी.

आता कोणताही शहाणा माणूस तार जोडता अन् जाऊन सांगता. सुशीलनं धूळ पुसली अन् चार स्क्रू परत लावले. तार काहून नाई जोडली, तं त्याचा हिशोब असा होता का भाऊजीचे कान इतके तेज, तार जोडली तं त्याईले एका मिनिटात समजन का आज काहीतरी बदललं. मंग ते विचारतील. मंग सांगा लागन. मंग डबी जाईन, स्टूल जाईन, रविवार जाईन. पुढच्या रविवारी डबी लागली, सुशीलनं "पाहुणा" म्हटलं, खट केलं, अन् भाऊजी म्हणे, साफ केल्यावर कसं खुललं पाह्य. सुशीलनं मान हलवली. त्या मानेले काही लाज नव्हती.

तीन वर्षाआधी एका रविवारी भाऊजीनं यमुताईची जांभळी साडी खोलीच्या मधात दोरीवर अडकवली अन् सुशीलले तिच्यामागे बसवलं. म्हणे, आजपासून ओरडायचं नाई. तोंड बंद ठेव, नुसता फिरव, मनाले वाटन तसा. तवापासून निकालच बदलला. माणूस कोणताही अँप घेऊन येवो, भाऊजी ऐकत, परत ऐकत, अन् म्हणत, "सारखेच हायेत गा. घरी घेऊन जा अन् गाणी ऐक." लोकाईले ते आवडे ना. इतक्या दूरून यायचं अन् सारखेच ऐकून जायचं. गर्दी कमी झाली. सुशीलले वाटलं भाऊजीचे कान थकले, शुगरनं असन. त्याले वाईट वाटलं, अन् खोटं काहून बोला, थोडं हलकं बी वाटलं. कान गेलेल्या माणसाले डबीचं सांगून काय फायदा, असा विचार करून तो दोन वर्षं मस्त झोपला. यमुताई दर सोमवारी साडी मागे, अन् भाऊजी म्हणत, देतो वं.

मंग किडनीचं निघालं, अन् धंतोली.

तं त्या दिवशी बुढ्याच्या मशिनीचा निकाल झाल्यावर सुशीलनं खुर्ची जवळ ओढली. हेल्मेटातलं वाक्य तोंडात आणलं. म्हणे, "भाऊजी, ते आपली डबी..."

"डबी बरोबर हाये," भाऊजी म्हणे. "तिचं काही नाई. नानाजीचा फोन आलता. त्याईचा तो जुना अँप पुण्याहून परत आला. रविवारी आणतील. ऐकायचा राहिला हाये तो."

सुशीलले वाटलं भाऊजी भरमले. तो अँप तं ऐकून झालता, निकाल बी देऊन झालता. त्यानं परत तोंड उघडलं.

"तू फक्त तोंड बंद ठेवजो," भाऊजी म्हणे. मंग त्याच्याकडे पाहून म्हणे, "सुकलं तुयं तोंड. खाली जाऊन चहा पिऊन ये. मी काय पळून चाललो का?"

सुशील खाली गेला. चहा पिला. चहा पिऊन धीर आला नाई, म्हणून सोडलेला तंबाखूचा खर्रा एक पुडी घेऊन तोंडात टाकला. मंग ध्यानात आलं का खर्रा तोंडात घेऊन वॉर्डात जाता येत नाई, अन् गेला तरी बोलता येत नाई. दवाखान्याच्या भिंतीवर जागोजाग लिहून होतं का थुंकू नका. तो जागा शोधत नाल्यापर्यंत गेला. तोंड धुऊन वर आला तवा भाऊजीच्या उशाची मशीन बंद होती अन् यमुताई भिंतीले टेकून उभी होती. पडद्यापल्याडच्या बुढ्याची मशीन टुक टुक करून राहिली होती.

पाच वर्षं अन् वरून दहा मिनिटं, इतका वेळ होता सुशीलपाशी. त्यानं तो थुंकायची जागा पाहण्यात घालवला.

तेरवी झाली. लांबलेलं नानाजीचं येणं त्याच्या पुढच्या रविवारी होतं. सुशीलनं ठरवलं का भाऊजीले नाई तं निदान त्याईले सांगायचं, अन् आधी डबी तरी दुरुस्त करायची. सकाळीच येऊन दुकानाचं शटर अर्धं उचललं, भाऊजीचंच सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, अन् डबी उलटी केली. स्क्रू सहज निघाले. त्याले वाटलं होतं गंजले असतील.

आत त्याचे सोल्डरचे डाग होते, चघळून टाकलेल्या चिंगमसारखे, ओबडधोबड. ते एकाच अंगाले होते. दुसऱ्या अंगाले नवीन लाल तार होती. पाहुण्याची तार. स्विचले पक्की जोडलेली, अन् डाग ज्वारीच्या दाण्याएवढे, गोल, चमकत होते. असे डाग साऱ्या सक्करदऱ्यात एकच माणूस देत होता.

सुशील डबी मांडीवर घेऊन तसाच बसला. जांभळी साडी, तोंड बंद ठेव, सारखेच हायेत गा, सारं त्याच्यासमोरून एकेक करून गेलं. आयर्न तापून तापून पाटाले वास सुटला तवा कुठं त्यानं बटण बंद केलं. भाऊजीचे कान थकले नव्हते. त्याईनं साडी लावायच्या आधीच तार जोडली, खरं ऐकलं, अन् जे ऐकलं तेच लोकाईले सांगतलं, गर्दी तुटली तरी.

नानाजी ऑटोनं आले, अँप त्याच चादरीत. सुशीलनं चहा बी येऊ देला नाई. उभ्याउभ्या सांगून टाकलं, का नानाजी, तुमचा अँप त्या दिवशी इथं वाजलाच नव्हता, डबी चुकीची जोडली होती, अन् ते मी जोडली होती.

नानाजी स्टुलावर बसले. म्हणे, "वाजला नव्हता ते मले मालूम हाये. केशव तीन वर्षाआधी आलता माया घरी. बस म्हटलं तं बसला नाई. म्हणे, नानाजी, मी डबी चुकीची जोडली, माया हातची चूक, भाच्याकडून अँप परत मागा. आता भाच्याले एकदा देलेलं लवकर परत मागता येते का? लागले तीन वर्षं."

"भाऊजीनं नाई," सुशील म्हणे. "डबी मी जोडली होती."

"मंग तो सोताचं नाव काहून सांगे?"

आतून यमुताई आली. हातात जांभळी साडी होती, धुतलेली, घडी केलेली. तिनं सुशीलकडे न पाहता सांगतलं, "मले बी म्हणत, सुशीलले कळू देऊ नको. कळलं तं लाजन, अन् रविवारचं येणं सोडून देईन. मंग स्विच कोण फिरवन?"

मंग तिनं सोताच साडीची घडी मोडली अन् दोरीवर अडकवली.

सुशीलनं दोन्ही अँपले मीटर लावून आवाज बरोबरीत केला. तीन खेपा पाह्यलं. नानाजी स्टुलावरच बसले, भाऊजीच्या खुर्चीत कोणी बसलं नाई. सुशील साडीमागे गेला. बासरी सुरू झाली. सवयीनं त्यानं तोंड उघडलं, "घ..." अन् मिटलं.

खट. खट. मंग परत खट.

बऱ्याच वेळानं साडीपल्याडून नानाजीचा आवाज आला, "आता कोणता होता गा, बापाचा का केशवचा?"

सुशीलनं सांगतलं नाई. तोंड बंद ठेवायचं होतं, अन् डोळे पुसायले एकच हात मोकळा होता.